पोहोचल्याच्या तीन घंट्या

१

दोन शहरांमधलं सगळ्यात जवळचं अंतर नकाशावर वाकडं दिसतं. प्रवासी खिडकीतून खाली बर्फ बघतात आणि विचारतात, आपण एवढे वर कशाला आलो? त्यांना वाटतं, पायलट रस्ता चुकला. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, दोरा त्या बर्फावरूनच जातो. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की कुणाशी नवी ओळख झाली की बायको आधीच बजावते, "यांना विमानाचं काही विचारू नका, दोरा काढतील."

मी एका विमानकंपनीच्या नियोजन कक्षात काम करतो. विमान उडवत नाही, पण उडायच्या आधी ते आमच्या टेबलावर एकदा जाऊन येतं. कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून, वारा समोरून की पाठीमागून, इंधन किती. माझ्या शेजारी हवामान बघणारा बसतो. त्याला सगळे पंचांग म्हणतात. अंदाज चुकला की तो म्हणतो, "मुहूर्त बरोबर होता, वाराच उशिरा आला." खोली थंडगार, खिडक्या कायम बंद, समोर मोठ्या स्क्रीनवर ठिपके सरकत असतात. एकेका ठिपक्यात तीनशे माणसं झोपलेली असतात, हे विसरून काम करावं लागतं.

माझे सासरे ज्या शहरात राहतात ते आमच्यापासून अकरा हजार किलोमीटरांहून थोडं जास्तच लांब आहे. जाताना वारा तोंडावर, चौदा तास लागतात. येताना पाठीवर, साडेबारा. सासरे तिथल्या बंदरात इंजिनियर होते, निवृत्तीनंतर तिथंच राहिले. सासूबाई गेल्यापासून एकटेच आहेत. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणतात, "इथली मोरी कुठं तुंबते ते मला माहितीये. तुमच्याकडं येऊन नव्यानं शिकू का?" बायको वर्षातून दोनदा त्यांच्याकडे जाते.

आमच्या घराचा एक नियम आहे. पोहोचलेल्या माणसानं घरात पाऊल टाकल्यावर, पायातलं काढायच्याही आधी, तिथल्या टेबलावरच्या फोनवरून मागे राहिलेल्याला तीन घंट्या द्यायच्या आणि फोन ठेवून द्यायचा. लांबचं बोलणं परवडत नव्हतं, तेव्हाचा हा सासऱ्यांचा नियम. आता बोलणं फुकट झालं, नियम राहिला. विमानतळावरून केलेला फोन त्यांच्या लेखी फोन नाही. "विमानतळ म्हणजे पोचणं नव्हे. उंबऱ्याच्या आत आलं की पोचलं."

त्या खेपेला तिच्या विमानाची वाट मीच आखून दिली होती. दुपारी कामावर होतो. तिचा ठिपका समुद्राच्या मधोमध होता, खाली बेटसुद्धा नाही अशा ठिकाणी. टेबलावरचा मोबाइल वाजला. सासऱ्यांच्या घरचा नंबर. एक, दोन, तीन. बंद.

पंचांगानं मान न वळवता विचारलं, "पोचल्या वाटतं वहिनी?"

"हो," मी सवयीनं म्हणून गेलो. मग स्क्रीनकडे बघितलं. ठिपका होता तिथंच होता.

२

रात्री घंट्या पुन्हा वाजल्या, तीनच, अगदी वेळेवर. म्हणजे माझ्या हिशेबाप्रमाणे जेव्हा वाजायला हव्यात तेव्हा. दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, काल दुपारी फोनशी खेळत होतात का?"

ते हसले. "म्हातारपण, दुसरं काय. अहो, मी आरामखुर्चीत पडलो होतो. डोळा लागला होता म्हणा. मला वाटलं, ही आलीये. स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड चाललीये. म्हटलं, आली बिचारी दमून, करू दे चहा. आणि मग किती वेळानं दारावरची बेल. मला कळेचना. ही आत आहे तर बाहेर कोण?"

"मग?"

"मग काय, उघडलं दार. आमच्याकडं बेल वाजली की दार उघडतात, जावईबापू. बंदरात तीस वर्षं काढली मी, बाहेरच्याला ताटकळत ठेवायची आमची रीत नाही. बघतो तर हीच. दोन्ही हातांत बॅगा, कोपरानं बेल दाबत उभी."

ती नेहमी कोपरानंच बेल दाबते. किल्ली तिच्याकडे असते, पण ती पर्सच्या तळाशी, आणि हात भरलेले. त्यामुळे तिची बेल लांबलचक वाजते, शेवटी जराशी थरथरते. चार भिंतींपलीकडून ओळखू येते.

"आणि स्वयंपाकघरात?"

"कोणी नाही. मला स्वप्न पडलं असणार." मग म्हणाले, "ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले होते. तेही मीच काढले असतील."

असतीलच, असं मी ठरवलं. म्हाताऱ्या माणसानं पेंगेत नंबर फिरवला, झोपेत कप काढले. यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

३

ती परत यायची त्या दिवशी मला सुट्टी होती. निघताना फोनवर तिनं दम दिला होता, "सुट्टीच्या दिवशी माझं विमान ढकलत बसू नका. घरात काहीतरी करून ठेवा खायला." म्हणून मी मुद्दाम मोबाइलवर विमान कुठे आहे ते बघितलं नाही. बटाटे सोलायला घेतले. बाहेर पाऊस लागून राहिला होता.

बेल वाजली. छोटीशी, टिंग करून थांबली. दार उघडलं तर ती.

"इतक्यात?" मी म्हणालो. माझ्या हातात सोलणं तसंच होतं.

"वारा चांगला होता," ती म्हणाली.

मला हसू आलं. हे वाक्य माझं आहे. मी तिची बॅग आत घेतली, ती हलकी होती. बाबांकडे सामान ठेवून आले, म्हणाली. हात मोकळे होते म्हणूनच बेल छोटी वाजली, असं मी मनातल्या मनात म्हटलं. अशा गोष्टींचं कारण शोधायची मला खोड आहे. कारण सापडलं की मी ती गोष्ट सोडून देतो. तिनं आल्या आल्या आत जाऊन बाबांच्या घरी तीन घंट्या दिल्या, केस पुसले, बटाटे किती जाड सोललेत म्हणून मला नावं ठेवली आणि आम्ही चहा घेऊन टेबलाशी बसलो.

बटाटे शिजत आले होते तेव्हा बेल पुन्हा वाजली. लांबलचक.

मी उठायला लागलो. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "उघडू नका. विकणारे असतील. कंटाळून जातात."

मी अर्धवट उठलेला तसाच खाली बसलो. बेल थांबली, मग पुन्हा वाजली, आणखी लांब, शेवटी जराशी थरथरली. मला काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण आठवायचं ते माणूस समोर बसून चहा पीत होतं, त्यामुळे आठवण पुढे सरकली नाही. दाराच्या पलीकडे कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. पावसात शब्द कळले नाहीत. मग शांत झालं. तिचा हात माझ्या हातावर होता, आणि ती घरी आली याचं मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी कचरा टाकायला बाहेर गेलो. जिन्यापासून आमच्या दारापर्यंत चाकांच्या बॅगेच्या ओल्या रेघा आल्या होत्या. पायपुसण्यापाशी पाणी साचलं होतं, बराच वेळ काही उभं असावं तसं. तिथून त्या रेघा वळून पुन्हा जिन्याकडे गेल्या होत्या. समोरच्यांकडे पाहुणे आले असतील, चुकून आपल्या दारात थांबले असतील. आमच्या घरात मात्र, दारापासून टेबलापर्यंत, फरशी कोरडी होती.

४

विमान माणसाला चौदा तासांत अर्ध्या जगाच्या पलीकडे नेऊन टाकतं. पण सगळा माणूस इतक्या वेगानं जात नाही. अंग जातं. झोप मागे राहते, भूक मागे राहते, आणि ती पुढचे आठ दिवस एकेक करून येत राहतात. आमची ही परत आली की घरात आठवडाभर दोन घड्याळं चालतात. भर दुपारी ती सोफ्यावर आडवी, पहाटे स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज. मी डोळे चोळत गेलो की म्हणते, "झोपा तुम्ही. मी आलेय, पण जीव अजून वाटेत आहे." दर खेपेला म्हणते. तिचा तो ठरलेला विनोद आहे, आणि मला तो विनोद वाटत नाही. हवेच्या वाटा आखताना मला बरेचदा वाटतं की ठिपक्यांच्या मागे खूप अंतरावर आणखी काहीतरी चालत येत असेल, ज्याची वाट कुणी आखत नाही.

या खेपेला ती पहिल्याच रात्री दहाला झोपली आणि सकाळी उठून फिरायला गेली. जीव वाटेत असल्याचं काही बोलली नाही. मी म्हटलं, चला, आठवडाभराची दगदग वाचली. उलट सोन्याहून पिवळं.

दोन दिवसांनी कामावर गेलो तेव्हा पंचांग म्हणाला, "रविवारी वहिनींना चांगलाच उशीर झाला ना? वारा पडला होता. पाऊण तास मागे होतं."

मी उतरल्याची वेळ काढून बघितली. विमानतळापासून आमचं घर तासभर धरा. त्या हिशेबानं, विमान जमिनीला लागलं तेव्हा ती आमच्या टेबलाशी बसून चहा पीत होती. आणि त्या विमानातला माणूस आमच्या दारात पोहोचायला हवा तो बटाटे शिजत आले तेव्हा.

घरी येऊन पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल बदलायचं. घड्याळ बरोबर चाललं होतं, तरी बदलला. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तर मला जेवण जात नाही, पण घरातला एवढा मोठा फरक मी सुपारीसारखा गालात धरून ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायकोत काही बदल नव्हता. हे मी नीट बघून सांगतो. तेच टोमणे, तेच पंख्याखाली पाय गुंडाळून वाचणं. एकदा मी उगीचच आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा विषय काढला. खोलीच्या मालकिणीचा बोका कुठे बसायचा, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. परीक्षा घेतल्याची मला लाज वाटली. संसार इतका जुना झाल्यावर बायकोला बोक्यावरून ओळखायला निघालेला मी एकटाच असेन.

५

काही महिन्यांनी सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ती लगेच निघाली. विमान संध्याकाळचं होतं. दुपारी ती पलंगावर बॅग उघडून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी उगाच मध्ये मध्ये करत होतो.

खिडकीतला माझा मोबाइल वाजला. एक, दोन, तीन. बंद.

मी नंबर बघितला. मग तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात एक निळा स्वेटर होता. तिनं त्याची बाही दुमडली, दुसरी दुमडली, आणि तो बॅगेत ठेवला.

मी सासऱ्यांना उलटा फोन लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू यावा.

"अहो, पोचली की ती," सासरे म्हणाले. आवाज आनंदी होता. "आत्ताच आली. तुम्ही तर उद्याचं म्हणाला होतात. काय दमलीये पोर. आंघोळीला गेलीये."

"बाबा, ती इथं आहे. माझ्यासमोर."

सासरे हळूच म्हणाले, "मग नळ कोणी सोडलाय?"

मी फोन बंद केला. आतापर्यंत गालात धरलेलं सगळं एकदम घशाशी आलं. त्या घंट्या, ते दोन कप, तिच्या आधी तिथं जाऊन बसणारं कोणीतरी. मी तिला म्हणालो, "तू जाऊ नकोस."

"बाबा विसरायला लागलेत," ती शांतपणे म्हणाली. "म्हणूनच जायला हवं."

"आणि विसरत नसतील तर?"

तिनं बॅगेची चेन लावली. "तर माझ्या म्हाताऱ्या बापाच्या घरात कोणीतरी आहे. आणि तुम्ही म्हणताय, मी इथं बसू?"

मी बरोबर येतो म्हणालो, तर विमानात जागा नव्हती. ते मलाच सगळ्यांत आधी माहीत होतं. टॅक्सीत बसताना ती म्हणाली, "त्यांना सांगून ठेवा, माझ्याशिवाय कुणाचं ऐकू नका म्हणावं." मी हो म्हणालो. टॅक्सी वळेपर्यंत बघत राहिलो. तिला काही झालं तर मी काय करणार होतो, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

६

सासऱ्यांच्या शेजारी एक नर्सबाई राहतात. टॅक्सी गेल्या गेल्या त्यांना फोन करून विनंती केली, जरा डोकावून या. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "अहो, तुमच्या मिसेस आहेत की. मला ओळखलं, माझ्या मुलीची चौकशी केली. थकलेल्या दिसतात फार. तुमचं भांडण झालंय का?"

सकाळी कामावर गेलो नाही. घरीच लॅपटॉपवर विमानाचा ठिपका उघडून बसलो. तो बर्फाच्या कडेकडेनं चालला होता, त्याच वाकड्या वाटेनं. मी सासऱ्यांना फोन लावला. त्यांनी अगदी हळू आवाजात घेतला.

"झोपलीये ती. उठवू नका."

"आत्ता? तिथं तर दुपार आहे ना?"

"तेच तर. दुपारी झोपते. आज पहाटे चारला मी उठलो तर भांडी घासत होती. म्हटलं, अगं, झोप की. तर म्हणते, बाबा, मी आलेय, पण जीव अजून वाटेत आहे."

मी खुर्चीत बसलेलाच होतो, तरी कुठेतरी बसावंसं वाटलं.

"आणि जावईबापू," ते पुढे म्हणाले, "रागावू नका, पण विचारतो. ती कशानं आली? तिचे बूट मी दारात बघितले. तळ पार गेलेत. आरपार. इतकं चालायला काय झालं होतं तिला?"

माझ्यासमोर ठिपका सरकत होता. खिडकीजवळच्या जागेवर, निळा स्वेटर बॅगेत भरून, एक बाई बसली होती जिला आठवडाभर झोपेचा त्रास झाला नव्हता. गेले काही महिने ती माझ्या घरात, माझ्या शेजारी झोपली होती. मला बोका कुठे बसायचा ते सांगितलं होतं.

आमच्या कक्षातून उडत्या विमानाला निरोप पाठवता येतो. वादळ आहे, वळा. धावपट्टी बंद आहे, दुसरीकडे उतरा. मी पंचांगाला फोन लावायला घेतला आणि थांबलो. काय निरोप देणार? अमुक रांगेतली प्रवासी माझी बायको नसावी, असा मला संशय आहे? आणि असलीच तर? चौदा तासांच्या वाटेवर मी तिलाच संशयात ढकलत होतो का? दोघींतली एक माझी होती. मी दोघींना ओळखत होतो, आणि त्यामुळेच मला काही ठरवता येत नव्हतं.

७

विमान उतरलं. मी विमानतळापासून सासऱ्यांच्या घरापर्यंतचा वेळ धरला, आणि त्याच्या बराच आधी फोन लावला.

"बाबा, फोन ठेवू नका. मी सांगेपर्यंत हातात धरून बसा."

"बसलोय. का हो?" पाठीमागे कपबशांचा आवाज येत होता. "उठलीये आता. चहा करतेय."

आम्ही ऑपरेशनबद्दल बोललो. डॉक्टरांबद्दल बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही. मी तिच्या वावरण्याचे आवाज ऐकत होतो. चमचा खाली ठेवायची तिची एक पद्धत आहे, तीही ऐकू आली. पण हल्ली ती पद्धत मी रोजच आमच्या घरीही ऐकत होतो.

मग बेल वाजली. छोटीशी, टिंग करून थांबली.

"आलं कोणीतरी," सासरे म्हणाले. "थांबा हं."

"बाबा, थांबा."

चमच्याचा आवाज बंद झाला होता. बेल पुन्हा वाजली, तशीच, सभ्यपणे. दूरवरून तिचा आवाज आला, शब्द कळले नाहीत.

"ही म्हणतेय, उघडू नका," सासरे म्हणाले. "विकणारे असतील म्हणे. कंटाळून जातात." ते घुटमळले. "पण आमच्याकडं बेल वाजली की उघडतात हो. आणि ही कधीपासून असं म्हणायला लागली?"

"तिला विचारा," मी म्हणालो, "हे वाक्य तिनं कुठं ऐकलं?"

त्यांनी विचारलं.

"म्हणते, तुमच्याकडंच ऐकलं," सासरे म्हणाले. "तुमच्या दाराबाहेर उभी होती तेव्हा."

पावसातली ती लांबलचक बेल मला आता पुरती आठवली, शेवटच्या थरथरीसकट. ती कोपरानं दाबली होती. हात भरलेले होते. दाराच्या एका बाजूला मी बसलो होतो, माझ्या हातावर एक हात होता, आणि दुसऱ्या बाजूला माझी बायको आमचा आवाज ऐकत उभी होती. त्यात तिचा स्वतःचाही आवाज होता. मग ती बॅग ओढत जिन्याकडे गेली आणि, नकाशात बघितलं तर वाकड्या वाटेनं, बापाच्या घराकडे चालायला लागली.

मला रडू आलं. "बाबा, उघडू नका," मी म्हणालो. "तिचं ऐका. काही झालं तरी उघडू नका."

बेल आणखी एकदा वाजली. मग नाही. आम्ही दोघं अकरा हजार किलोमीटरांच्या दोन टोकांना श्वास धरून बसलो.

"गेलं वाटतं," सासरे म्हणाले. "कंटाळलं, कोण होतं ते."

मी डोळे पुसले. सवय वाईट असते. मनात आपोआप हिशेब सुरू झाला. येताना वारा पाठीवर. साडेबारा तास. विमानतळापर्यंतचा वेळ, पुढच्या विमानाची सुटायची वेळ, इथून घरापर्यंतचा तास. म्हणजे इतक्या लवकर ती परत यायची नाही. तोवर मला विचार करायला वेळ होता.

आमच्या दाराची बेल वाजली. छोटीशी, टिंग करून थांबली.

मी हललो नाही. फोन कानालाच होता. बेल पुन्हा वाजली, तशीच, सभ्यपणे.

"तुमच्याकडंही कोणी आलं का?" सासऱ्यांनी विचारलं. मग पाठीमागून ती काहीतरी बोलली, आता अगदी जवळून, फोनपाशी येऊन. ते ऐकत राहिले.

"ही विचारतेय," ते म्हणाले, "माझ्या वेळी नाही उघडलंत. तिच्या वेळी उघडणार आहात का?"